फौजी होता म्हणून शिक्षा कमी होते का?

कळव्याहून आलेलं एक पत्र वाचलं आणि मग लक्षात आलं की साधारण याच विषयावरची आणखी काही पत्रं ढिगात पडून आहेत, म्हणून यावेळी सगळी एकत्रच घेतेय. नावं काढलीत, ओळख पटेल असे तपशीलही थोडे बदललेत.

प्रश्न: ताई, माझे मिस्टर मराठा लाइट इन्फंट्रीत होते, हवालदार म्हणून रिटायर झाले. मधली काही वर्षं आरआरमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रायफल्समध्ये, काश्मीरला कुपवाड्याला होते, तिकडे त्यांच्या तुकडीतला एक मुलगा त्यांच्या शेजारीच मारला गेला, पण त्यावर ते एक शब्द बोलत नाहीत, मला त्यांच्या मित्राच्या बायकोकडून कळलं. आता ऐरोलीला सिक्युरिटी सुपरवायझर आहेत. झोपताना भिंतीला पाठ लावून झोपतात, हॉटेलात गेलो तर दाराकडे तोंड करूनच बसणार, आणि ठाण्याहून ऐरोलीला लोकलने दहा-बारा मिनिटांत पोचता येतं तरी गर्दीत कोणी मागे उभं राहिलेलं चालत नाही म्हणून भर पावसात पण बाईक. गेल्या वर्षी बिल्डिंगमध्ये रात्री पार्किंगवरून भांडण झालं, हे बोलून निघाले होते तेवढ्यात त्या मुलाने मागून कॉलर धरली आणि ह्यांनी वळून हातातलं हेल्मेट मारलं, एकदा नाही, दोन-तीनदा. त्याचा जबडा फ्रॅक्चर झाला. पोलिसांनी गंभीर दुखापतीचं कलम ११८(२) लावलंय, चार्जशीट पण झाली. आमचे वकील म्हणतात की फौजी आहेत असं सांगू, जजसाहेब समजून घेतील. घेतात का खरंच? आणि नोकरी-पेन्शनचं काय?
— कळवा

उत्तर: वहिनी, आधी कडू तेच सांगते. नुसतं फौजी आहेत म्हणून कोणी सोडत नाही, आणि सोडूही नये. पण तुमच्या वकिलांचं वाक्य पूर्ण चूक आहे असंही नाही, ते फक्त अर्धवट आहे आणि अर्धवट ठेवलं तर काही उपयोगाचं नाही.

कोर्टासमोर दोन वेगळे प्रश्न असतात. गुन्हा केला का, आणि केला असेल तर शिक्षा किती. लोक काय करतात की पहिल्या प्रश्नालाच मानसिक आजार लावायला जातात, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम २२, जुन्या आयपीसीतलं ८४. त्यात असं दाखवावं लागतं की आपण काय करतोय किंवा ते चुकीचं आहे हे कळण्याचीच त्या माणसाची अवस्था नव्हती. तुमचे मिस्टर भांडले, बोलून निघाले, बाईककडे चालले होते, दुसऱ्या दिवशी ड्युटीचा विचार करत असतील. हे २२ मध्ये बसणार नाही, आणि ओढूनताणून बसवायला गेलात तर साहेबांना वाटतं की सगळंच रचलेलं आहे, मग पुढे खरं सांगितलेलंही कोणी ऐकत नाही.

इंग्लंडमध्ये मधली एक पायरी आहे, निदान खुनाच्या केसमध्ये. रॉयल मरीन्सचा सार्जंट अलेक्झांडर ब्लॅकमन, त्याने २०११ मध्ये अफगाणिस्तानात हेलमंदला एका जखमी तालिबानीला गोळी घातली, २०१३ ला खुनाबद्दल जन्मठेप झाली. २०१७ मध्ये अपिलात डॉक्टरांचे रिपोर्ट आले की त्या वेळी त्याला अॅडजस्टमेंट डिसऑर्डर, म्हणजे ताणामुळे होणारा मानसिक आजार, होता, मग खुनाचं सदोष मनुष्यवध झालं आणि शिक्षा सात वर्षांवर आली. आपल्याकडे ही 'कमी झालेली जबाबदारी' वेगळा बचाव म्हणून कायद्यात नाहीच. एकतर पूर्ण जबाबदार नाहीतर २२. त्यामुळे आपल्याकडे ट्रॉमाला जी काय जागा आहे ती बहुतेक करून दुसऱ्या प्रश्नात आहे, शिक्षेच्या.

आणि तिथेच आपण माती खातो. सांगते कसं होतं ते. निकाल वाचून झाला, दोषी. संध्याकाळचे पाच वाजत आलेले, शिपाई फायली बांधायला लागलाय, साहेब आरोपीला विचारतात, शिक्षेबद्दल काही म्हणणं आहे का. आरोपी हात जोडून म्हणतो, साहेब घरात एकटा कमावता आहे, लहान मुलं आहेत. वकील उठून म्हणतात, पहिलाच गुन्हा आहे, दया दाखवावी. सरकारी वकील म्हणतात, कडक शिक्षा द्यावी. स्टेनोच्या दोन ओळी टाईप होतात आणि शिक्षा लागते. ही सुनावणी कायद्याने दिलेला हक्क आहे, सेशन्स कोर्टात बीएनएसएसचं (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम २५८, मॅजिस्ट्रेटकडे २७१, आणि सुप्रीम कोर्टाने १९७६ सालीच सांतासिंगच्या केसमध्ये सांगितलंय की हा नुसता उपचार नाही, आरोपीला कागदपत्रं, पुरावा आणायची संधी द्यायची. २०२२ ला मनोजच्या केसमध्ये तर फाशीच्या खटल्यांसाठी आरोपीचा मानसशास्त्रीय रिपोर्ट, घरची पार्श्वभूमी, तुरुंगातली वागणूक हे सगळं मागवा असं सांगितलं. तुमची केस फाशीची नाही, पण मुद्दा खालपर्यंत लागू पडतो: माणूस कुठून आलाय हे कागदावर पाहिजे, तोंडी नको.

अमेरिकेत याच कागदांवरून एक केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. जॉर्ज पोर्टर, कोरियाच्या युद्धातला सैनिक, कुनुरी आणि चिप्योंगनी या दोन भयंकर लढायांत होता, परत आल्यावर रात्री दचकून उठायचा, भिंतींवर चढायला जायचा. त्याने १९८६ मध्ये फ्लोरिडात दोन खून केले, मृत्युदंडाची शिक्षा झाली. आणि त्याच्या वकिलाने शिक्षेच्या सुनावणीआधी त्याची मिलिटरीची फाईल मागवलीच नव्हती! २००९ मध्ये कोर्टाने त्या वकिलाचं काम कमी पडलं असं ठरवलं आणि म्हणाले की लढाईचा मनावर काय परिणाम झाला हे ज्युरीने ऐकायलाच हवं होतं. लक्षात घ्या, पोर्टर युनिट सोडून पळूनही गेला होता, म्हणजे रेकॉर्ड काही चकचकीत नव्हतं. म्हणून तुमच्या मिस्टरांच्या डिस्चार्ज बुकात कुठे एखादी रेड एंट्री, म्हणजे शिस्तभंगाच्या शिक्षेची नोंद, असेल तर ते लपवू नका, कधीकधी त्या एंट्रीची तारीखच सगळं सांगून जाते.

आता कामाचं. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, तिथून सर्व्हिस रेकॉर्ड आणि मेडिकलचे कागद मागवा, नाहीच दिले तर आरटीआय. रिटायर होतानाचा मेडिकल बोर्ड बघा, मधे कधी लो मेडिकल कॅटेगरी दिली होती का, एमआयरूमच्या, म्हणजे युनिटच्या दवाखान्याच्या, पर्चीवर झोप येत नाही, चिडचिड असं काही लिहिलंय का. फौजेत लोक ही तक्रार करतच नाहीत त्यामुळे फाईल कोरी निघू शकते, घाबरू नका, मग त्यांच्या युनिटमधल्या दोन जणांची अॅफिडेव्हिट घ्या की कुठे, कधी, काय झालं होतं. त्यानंतर सायकिॲट्रिस्ट. ईसीएचएसमधून (माजी सैनिकांची आरोग्य योजना) रेफर करून घ्या किंवा ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या ओपीडीत जा, सरकारी डॉक्टरच्या रिपोर्टला कोर्टात वजन असतं. आणि निकालाच्या आदल्या आठवड्यात नाही हो, आत्ता. चार्जशीटनंतर लगेच सुरू झालेली आणि टिकलेली ट्रीटमेंट आणि शिक्षेच्या तोंडावर आणलेलं एक सर्टिफिकेट यातला फरक कुठल्याही जजला एका नजरेत कळतो.

रिपोर्टमध्ये नुसतं 'पीटीएसडी आहे', म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनात राहिलेला आजार आहे, एवढंच आलं तर ते पुरत नाही. त्या रात्री नेमकं काय झालं आणि त्याचा आजाराशी संबंध काय ते डॉक्टरने लिहायला हवं. मागून कॉलर धरली, आणि यांना मागे माणूस चालत नाही हे लोकल न वापरण्यापासून सगळीकडे दिसतंय, हा धागा तुम्हीच पत्रात दिलाय, तोच डॉक्टरला सांगा. पण दुसरा आणि तिसरा फटका का मारला हे सरकारी वकील विचारणार, त्याचं उत्तर तयार ठेवा. मला स्वतःला ते सगळ्यात अवघड वाटतंय या केसमध्ये.

कलमाकडेही बघा, कारण तिथे ट्रॉमापेक्षा जास्त फरक पडू शकतो. ११८(२) म्हणजे धोकादायक हत्याराने गंभीर दुखापत, जास्तीत जास्त जन्मठेप, कमीत कमी एक वर्ष. हेल्मेट हे तसं हत्यार धरायचं का यावर वाद घालता येतो. नाही धरलं तर ११७(२), सात वर्षांपर्यंत. आणि कॉलर धरणं हे गंभीर आणि अचानक चिथावणी होती असं पटवता आलं तर १२२(२), तिथे जास्तीत जास्त पाच वर्षं किंवा नुसता दंडही. याचं महत्त्व असं की १९५८ चा प्रोबेशनचा कायदा, त्याचं कलम ४, जन्मठेपेला पात्र गुन्ह्याला लागतच नाही. म्हणजे ११८(२) राहिलं तर कलम ४ चं दार बंद, ११७(२) किंवा १२२(२) ला आलात तर उघडं. तिथे प्रोबेशन अधिकारी घरी येतो, चौकशी करतो, रिपोर्ट देतो, आणि चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडता येतं, ट्रीटमेंट चालू ठेवायची अट घालून.

नोकरीचं विचारलंत. प्रायव्हेट सिक्युरिटी एजन्सीचा २००५ चा कायदा आहे, त्यात दोषी ठरलेल्या माणसाला गार्ड किंवा सुपरवायझर म्हणून ठेवता येत नाही. पण प्रोबेशनच्या कायद्याचं कलम १२ म्हणतं की कलम ३ किंवा ४ खाली सोडलेल्याला दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागत नाही. म्हणून सांगतेय, सगळा जीव त्या कलम ४ मध्ये आहे. पेन्शन आपोआप बंद होत नाही, पण पुढची चांगली वागणूक ही पेन्शनची गृहीत अट असते आणि गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली तर सरकार ती रोखू शकतं. घाबरून आत्ताच कुणाला अर्ज-बिर्ज करत बसू नका.

प्रश्न: मॅडम, मी एलएलबीला आहे. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी वेगळी कोर्ट्स आहेत असं वाचलं. आपल्याकडे इतके माजी सैनिक असून का नाहीत? तसंच बायकोच्या प्रियकराला गोळी घालणाऱ्या नौदलाच्या नानावटींना माफी मिळाली होती ना, तो प्रिसिडेंट, म्हणजे पुढच्या केसेसना दाखला, होत नाही का?
— नेरूळ

उत्तर: नानावटींचं आधी संपवते. तिथे युद्धाचा ट्रॉमा हा मुद्दाच नव्हता, अचानक चिथावणी झाली का एवढाच वाद होता. ज्युरीने निर्दोष ठरवलं, हायकोर्टाने ते फिरवून जन्मठेप दिली, १९६१ ला सुप्रीम कोर्टाने ती कायम केली, आणि १९६४ ला राज्यपाल विजयालक्ष्मी पंडितांनी माफी दिली. राज्यपालांची माफी म्हणजे प्रिसिडेंट नाही, परीक्षेत असं लिहू नकोस.

वेगळ्या कोर्टाचं म्हणशील तर हो, २००८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात जज रॉबर्ट रसेल यांनी पहिलं असं कोर्ट सुरू केलं, आता तिथे शेकड्यांनी आहेत. आरोपी माजी सैनिक, सोबतीला मेंटॉर म्हणून दुसरा माजी सैनिक, माजी सैनिकांच्या सरकारी खात्याचा माणूस कोर्टातच हजर, आणि दर थोड्या दिवसांनी जजसमोर उभं राहून ट्रीटमेंट, दारू, नोकरी सगळ्याचा हिशोब द्यायचा. नीट पार पाडलं तर केस काढून टाकतात किंवा शिक्षा हलकी होते. यातलं मला सगळ्यात पटतं ते मेंटॉरचं, कारण फौजी माणूस डॉक्टरसमोर गप्प बसेल पण दुसऱ्या फौजीसमोर 'सब ठीक है' फार वेळ चालवू शकत नाही.

पण आपल्याकडे वेगळं कोर्ट व्हावं का? मला नाही वाटत. कारण मग लगेच प्रश्न येतो की फक्त फौजीच का. ठाणे-कल्याणच्या ट्रॅकवर ज्याच्या गाडीखाली माणसं आली तो मोटरमन, इमारत कोसळल्यावर हाताने मलबा उपसणारा अग्निशमनचा जवान, दंगलीत पोरगा गमावलेली बाई, यांच्या मनाचं काय झालं हे शिक्षेच्या वेळी कोण विचारतं? इंग्लंडच्या सेंटेन्सिंग काउन्सिलने २०२० मध्ये मानसिक आजार असलेल्या आरोपींसाठी गाईडलाईन आणली, त्यात पीटीएसडी आहे, पण ती सैनिकांपुरती नाही, सगळ्यांना आहे, आणि त्यात जज बघतो की आजाराचा आणि गुन्ह्याचा संबंध होता का, किती होता. मला ते जास्त बरोबर वाटतं. आपल्याकडे तर शिक्षेची अशी छापील गाईडलाईनच नाही, एकाच गुन्ह्याला ठाण्यात एक शिक्षा, बेलापूरला दुसरी. वेगळ्या कोर्टाची बिल्डिंग बांधण्यापेक्षा आहे त्या कोर्टात शिक्षेच्या सुनावणीला वेगळी तारीख द्या आणि रिपोर्ट मागवा, कायद्यात काही बदलायची गरज नाही.

प्रश्न: माझ्या लहान भावाला आमच्या सेक्टरमधल्या एका माजी सैनिकाने मारलं, हाताला प्लेट टाकावी लागली, त्याची कॅबची गाडी अजून बंद आहे, हप्ते चालूच. सोसायटीत सगळे म्हणतात की देशासाठी लढलेला माणूस आहे, मिटवून टाका. आता त्यांचे वकील ट्रॉमा ट्रॉमा करतायत. म्हणजे आम्ही मार खायचा आणि वर सहानुभूती पण त्यांनाच?
— कोपरखैरणे

उत्तर: दादा, तुमचा राग बरोबर आहे. तुमच्या भावाने कुठल्या सीमेवर कुणाला पाठवलं नव्हतं, त्याच्या हाताच्या प्लेटचं बिल त्याने का भरायचं. 'मिटवून टाका' म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना नमस्कार करा आणि विषय बदला.

पण ट्रॉमा सिद्ध झाला म्हणजे तुमचं काही गेलं असं नाही. दोषी ठरवणं तसंच राहतं, कमी-जास्त होते ती शिक्षा. आणि हा मुद्दा दुधारी आहे हे समोरचे वकील विसरतात, ट्रीटमेंट न घेणारा, दारू पिणारा, हात उचलणारा माणूस हा धोका आहे असंही त्याच रिपोर्टवरून तुमच्या बाजूने म्हणता येतं. दारूच्या नशेत केलं असेल तर स्वतःहून प्यायलेली दारू हा बचाव होत नाही. शिक्षेच्या सुनावणीला तुमच्या भावाचं नुकसान सरकारी वकिलांमार्फत कागदावर आणा: ऑपरेशनचं बिल, गाडीचे हप्ते, किती महिने धंदा बंद. बीएनएसएसच्या ३९५ खाली कोर्ट नुकसानभरपाई देऊ शकतं, आणि समजा त्याला प्रोबेशनवर सोडलंच तरी त्याच प्रोबेशन कायद्याच्या कलम ५ मध्ये जखमीला भरपाई द्यायला लावता येते. हे मागावं लागतं, आपोआप कोणी देत नाही. चार वर्षं खटला चालून तो सहा महिने आत जाऊन आला आणि तुमच्या हातात काहीच नाही, यापेक्षा ठोस भरपाई अधिक सक्तीची ट्रीटमेंट हे मी तुमच्या जागी असते तर निदान विचारात घेतलं असतं. नाही पटलं तर नका घेऊ, तो तुमचा हक्क आहे.

प्रश्न: मिस्टर आर्मीतून आलेत. हात उचलतात, एकदा गळा पण दाबला. सासू आणि नणंद म्हणतात त्यांनी तिकडे काय काय बघितलंय, तू समजून घे. पोलिसात गेले तर त्यांच्या आजाराचा फायदा घेतला असं होईल का?
— घोडबंदर रोड

उत्तर: नाही होणार. आणि गळा दाबलाय म्हणताय म्हणून हे उत्तर छापून यायच्या आधीच तुम्हाला वेगळं कळवलंय, ते वाचलं असेल अशी आशा आहे.

२०२५ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टासमोर एक कमांडो आला होता, बायकोच्या हुंडाबळीत शिक्षा झालेला, म्हणाला मी ऑपरेशन सिंदूरमध्ये होतो, मला शरण जाण्यातून सूट द्या. कोर्टाने सरळ सांगितलं की त्यामुळे घरात अत्याचार करायची मुभा मिळत नाही. तुमच्या सासूबाईंना हे वाचून दाखवा.

त्यांना खरंच आजार असेल, असूही शकतो, तर त्यावर औषध डॉक्टरकडे आहे, तुम्हाला मारण्यात नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आदेश आणि घरात राहायचा हक्क मागता येतो, त्यासाठी त्यांना तुरुंगात पाठवावंच लागतं असं नाही, आणि त्याच कायद्यात कोर्ट समुपदेशनाला पाठवू शकतं. रात्री-अपरात्री ११२, किंवा महिला हेल्पलाईन १८१. आधी तुम्ही आणि मुलं सुरक्षित, मग बाकीचं.

प्रश्न: मी स्वतः माजी सैनिक, केस वगैरे काही नाही. पण राग आवरत नाही आणि झोप लागत नाही. डॉक्टरकडे गेलो तर नाव रेकॉर्डवर येईल, उद्या काही झालं तर तेच कागद माझ्याविरुद्ध काढतील, म्हणून जात नाही. बरोबर करतोय का?
— कोपरी, ठाणे

उत्तर: उलटं करताय, साहेब. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ मध्ये तुमची माहिती गुप्त ठेवायचा हक्क आहे, डॉक्टर ती सोसायटीला किंवा कंपनीला देऊ शकत नाही, आणि कलम २५ खाली तुमचे स्वतःचे कागद मात्र तुम्हाला मागता येतात. कोर्टाने मागितले तर द्यावे लागतील हे खरं आहे. पण वरच्या कळव्याच्या वहिनी आत्ता ज्या कागदांसाठी धावतायत ते त्यांच्या मिस्टरांनी वेळेत केले असते तर आज फाईल कोरी नसती, आणि कदाचित केसच झाली नसती.

ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकला स्वतः जायला लाज वाटत असेल, ओळखीचे सुभेदारसाहेब रांगेत भेटतात वगैरे, तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट, मराठीत बोलता येतं. आणि हा त्रास सर्व्हिसमध्येच सुरू झाला होता असं वाटत असेल तर डिसॅबिलिटी पेन्शनचाही विचार करा. २०१३ च्या धरमवीर सिंगच्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नव्हती आणि नंतर त्याच कारणाने बाहेर पडला तर तो सर्व्हिसमुळेच झाला असं धरायचं, नाही म्हणायचं असेल तर सरकारने दाखवायचं. तुम्ही पूर्ण मुदत करून आलात की मेडिकलवर, ते पत्रात लिहिलेलं नाही, त्यावर बरंच अवलंबून आहे. डिस्चार्ज बुक आणि शेवटच्या मेडिकल बोर्डाची झेरॉक्स पाठवा, बघून सांगते.